मामांनी टाकलेले रुमाल

जगात बघण्यासारखं जे जे म्हणून आहे, ते नेमकं कुठे बसून बघावं हे आमच्या मामेसासऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त त्यांनी स्वतः त्यातलं काहीही बघितलेलं नाही. ताजमहाल कुठून बघावा, हे तुम्ही त्यांना विचारा. मागून, नदीच्या अंगाने, असं ते छातीठोकपणे सांगतील. ते स्वतः आग्र्याला गेले तेव्हा ती मागची जागा शोधता शोधता फाटक बंद व्हायची वेळ झाली होती, ही गोष्ट वेगळी. महाबळेश्वरला सूर्य बुडत असताना ते सूर्याकडे पाठ करून उभे होते. कुठल्या दगडावर गर्दी कमी आहे याचा अंदाज घेत होते म्हणे. अंदाज पक्का झाला आणि ते वळले, तोवर सूर्य आपल्या घरी गेला होता. मामा म्हणाले, हरकत नाही, जागा तर कळली.

हे माझ्या बायकोचे एकुलते एक मामा. औषधांच्या एका गोदामात आयुष्यभर नोकरी केली आणि निवृत्त होऊन भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतात. आम्ही जवळच मीरा रोडला, त्यामुळे कुठे बघायला जायचं झालं की आम्ही आपसूक त्यांच्या तावडीत सापडतो. लोकांच्या सासरी जावयाला पाट, रांगोळी, अंगठी वगैरे मिळतं असं मी ऐकून आहे. मला मिळतं ते एवढंच, “जावईबापू, तुम्ही इथे बसा, मी पुढे बघून येतो.” मग मी बसतो. मामा पुढे जातात आणि त्याहून चांगली जागा शोधतात. मी तिथे जाऊन बसतो, की मामा आणखी पुढे. मी म्हणजे एक चालताबोलता रुमाल आहे, हे कळायला मला लग्नानंतर सहा महिने लागले.

रुमालाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माणसं ती रीत पाळतात आणि विसरतात. मामांनी तिचा धर्म केला. त्यांच्याजवळ निळ्या काठाचे पांढरे रुमाल असतात, शर्टाच्या खिशात, पँटच्या खिशात, पिशवीत, छत्रीच्या घडीत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मामींनी ओळखीसाठी लाल दोऱ्याचा टाका घातलेला. या रुमालांनी मामांनी आजवर कधी नाक पुसलेलं नाही. नाक पुसायला ते मामींचा पदर मागतात. रुमाल पडला की जागा आपली, हा त्यांच्या मते कायदा आहे, आणि तो न पाळणारा माणूस हा माणूसच नव्हे. एकदा अलिबागच्या गाडीत म्हणून टाकलेला रुमाल भलत्याच गाडीत पडला आणि ती गाडी मामांच्या डोळ्यांदेखत शिर्डीला निघाली. मामा ओरडत मागे धावले. त्यांचा जीव असा काही तुटत होता, की कंडक्टरला वाटलं पोर आत राहिलं, आणि त्याने घंटी मारून गाडी थांबवली. पोराऐवजी रुमाल उतरला तेव्हा कंडक्टर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा रुमाल घेऊन विजयी मुद्रेने परत आले तोवर अलिबागची गाडी भरून गेली होती. मामी मात्र आत चढून निमूटपणे खिडकीशी बसलेल्या होत्या. रुमालाबिमालाच्या भानगडीत न पडता माणसं चढतात आणि बसतात तशा. मग मामा वडखळपर्यंत दांड्याला लोंबकळत, त्यांच्या कानाशी वाकून, आता डावीकडे डोंगर येईल, आता मिठागरं येतील, असं सांगत उभे राहिले. डोंगर आला तेव्हा ते कंडक्टरशी पुढच्या सीटबद्दल बोलत होते.

आमच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. नवरीच्या मामाला लग्नात काम असतं ते एकच. तिला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. यात निवड करायला वाव नाही, जागा शास्त्राने ठरवून दिलेली आहे. मामांना तेच खटकलं. मागून नवरीची फक्त वेणी दिसते, हा काय लग्न बघायचा प्रकार झाला? पहिलं मंगलाष्टक होईपर्यंत त्यांनी दम धरला. दुसऱ्याला ते दिसेनासे झाले. गुरुजींनी माइकवरून “मुलीचे मामा, मुलीचे मामा” असा पुकारा सुरू केला, तेव्हा हॉलच्या अगदी शेवटून, कूलरशेजारच्या खुर्चीवर उभे राहून मामांनी हात वर केला आणि म्हणाले, “तुमचं चालू द्या. मला इथून सगळं दिसतंय.” नेमका त्याच वेळी व्हिडिओवाल्याचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर आला आणि अक्षता पडल्या त्या त्यांना दिसल्या नाहीत. आमच्या अल्बममध्ये माझ्या बायकोच्या मागे मामा म्हणून हॉलचा मॅनेजर उभा आहे, हातात लिंबू घेऊन, आणि तो बिचारा मनापासून गहिवरलेला दिसतो. मामी पहिल्या रांगेत होत्या, पंख्याखाली, कर्ण्यापासून लांब. ती खुर्ची मामांनी सकाळपासून धरून ठेवलेली होती.

आणि इंद्रलोकमधला तो फ्लॅट! तो घेताना त्यांनी एजंटला प्रत्येक मजल्यावर नेलं आणि प्रत्येक घरात खिडकीशी मांडी घालून बसले. एजंट आपला “साहब, सुबह उठके सीधा खाड़ी” एवढंच घोकत होता. मामांनी शेवटी जे घर घेतलं त्यात हॉलमधून गटार आणि रिक्षास्टँड दिसायचं, बेडरूममधून दुसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी, आणि खाडी दिसायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून. खाडी, मिठागराचे ढीग, पलीकडे डोंगर, सगळं ओट्यासमोर. सगळे नातेवाईक हसले. खाडीकडे बघत कांदा चिरणार का, असं मीही म्हणालो. हॉलमध्ये बघायला टीव्ही आहे, असं त्यांचं उत्तर. चार वर्षांत समोर टॉवर उभा राहिला आणि खाडी गेली. आता ओट्यासमोर दिसतो तो दुसरा ओटा. तिथल्या गुजराती काकू आणि मामी यांची खिडकीतून खिडकीत मैत्री झाली, आणि त्या घरात हल्ली आमटीपेक्षा उंधियू चांगला होतो. मामा म्हणतात, हाही व्ह्यूच आहे.

अशा माणसाला बोटीवर नेऊ नये, हे कुणालाही कळतं. आम्ही नेलं नाही. तेच आम्हाला घेऊन गेले, आणि त्याला कारण झाले मामींचे डोळे.

मामींना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची, आणि तीही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. बाजूचं दिसायचं तेव्हाच बंद झालं होतं. समोरचं दिसायचं, बोळातून बघितल्यासारखं. त्या दिवशी मी बरोबर होतो. दवाखान्यात आत शिरल्यावर मामा दारालगतच्या, कुलूप लावलेल्या बुटांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसले. मिळेल त्या खुर्चीवर! उठले नाहीत, पंखा कुठे आहे बघितलं नाही, मला कुठे बसवलं नाही. हे प्रकरण गंभीर आहे, हे मला डॉक्टरांच्या आधी त्या खुर्चीवरून कळलं.

घरी येताना रिक्षात मामांनी मामींना विचारलं, कुठे जायचंय का, काय बघायचंय का. काशी, रामेश्वर, मुलगी आहे त्या बंगळुरूला, काहीही. मामींनी मागितलं ते भलतंच. मामींचं माहेर रेवदंड्याच्या पुढे, समुद्राकाठचं एक लहानसं गाव. वडील माल वाहणाऱ्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. घराच्या मागच्या दारातून समुद्र आत यायचा, पण बाईमाणसाने मचव्यावर पाय ठेवायचा नाही, अशी रीत, त्यामुळे समुद्राकाठी वाढलेल्या मामी कधी समुद्रात गेल्या नव्हत्या. वडील सांगायचे, की दर्यातून बघितलं तर आपलं गाव दिसतच नाही, माडांत बुडून जातं. दिसतं ते फक्त डोंगरावरचं देऊळ. त्याला दर वर्षी चुना लावायचा तो देवासाठी नव्हे, मचव्यांसाठी. ते पांढरं टिंब दिसलं, की तांडेल म्हणायचा, आलो घरी. “एकदा तिकडून बघायचंय,” मामी म्हणाल्या. “बाबांना दिसायचं तसं. बाकी काही नको.”

झालं! मामांनी आयुष्यभर ज्याची तयारी केली ती परीक्षा समोर आली. मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी प्रवासी बोट दुपारी सुटते आणि ऊन उतरायच्या आत त्या किनाऱ्यासमोरून जाते, हे त्यांनी कुठून शोधून काढलं देव जाणे. मी एकदा सुचवून बघितलं, की गावातूनच एखादी मच्छीमार होडी केली तर स्वस्तात काम होईल. होडीत चढायचं म्हणजे गुडघाभर पाण्यातून, आणि मामींचे गुडघे तुम्ही घेऊन चाललात का, असं विचारून त्यांनी माझं तोंड बंद केलं.

त्यानंतर महिनाभर इंद्रलोकच्या त्या घरात बोट हा एकच विषय. पुढे बसावं तर वारा डोळ्यांत जातो. मागे बसावं तर धूर आणि धडधड. मधे बसावं तर जीव वाचवायच्या होड्या टांगलेल्या असतात त्या नेमक्या आड येतात. अगदी वर जावं तर काचेचा कठडा, त्यावर खाऱ्या पाण्याचे डाग. खिडकीची खोली घ्यावी, असं माझ्या बायकोने सुचवलं, तर मामांनी तिची कीव केली. खिडकी एकाच बाजूला असते, आणि ती बाजू कुठली मिळेल हे आपल्या हातात नाही. म्हणून त्यांनी बिनखिडकीच्या खोल्या घेतल्या. खोली झोपायला, बघायला अख्खी बोट आहे, असं म्हणाले. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळं मांडून दाखवलं. पोळपाट ही बोट, लाटणं हा किनारा, भाजलेला पापड म्हणजे मुंबई आणि लाटण्याच्या टोकाला ठेवलेली नारळाची वडी हे मामींचं माहेर. पोळपाट सरकत सरकत पापडाच्या पुढे आला, किनारा डाव्या हाताला राहिला, आणि मामा वडीकडे बोट दाखवायला गेले तर वडी नव्हती. बोलण्याच्या नादात ती मी खाल्ली होती. “जावईबापू,” मामा अत्यंत शांतपणे म्हणाले, “तुम्ही हिचं माहेर खाल्लंत.” मामी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि डब्यातून दुसरं माहेर काढून दिलं. निकाल मात्र पक्का झाला. डावी बाजू, वरून दुसरा मजला, होड्यांच्या जरा पुढे.

बोटीवर आम्ही चौघे. मामा, मामी, बायको आणि मी. एवढी थोरली बोट मी आधी बघितली नव्हती. आत मॉलसारखी दुकानं, नाचायला हॉल, पोहायला तलाव, आणि सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या. त्या खुर्च्या बघून मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त लहान मुलांच्या चेहऱ्यावर जत्रेत बघितलंय. त्यांनी ठरल्याप्रमाणे डाव्या बाजूला रुमाल टाकला. मामींना तिथे बसवलं. मला म्हणाले, थांबा, आणि बोट सुटली.

आता मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे. बोट बंदरातून दक्षिणेला निघाली, की शहर उजव्या हाताला राहतं. हे कुणाही शाळकरी मुलाला नकाशावरून कळेल, पण मामांचा अभ्यास पोळपाटावर झालेला, आणि पोळपाट थेट समुद्रातच सुटला होता. सगळी बोट उजव्या कठड्याला लोटली आणि मोबाइल वर करून शहराचे फोटो काढू लागली, तसा मामांचा चेहरा पडला. जमीन उजवीकडे! म्हणजे कोकणही उजवीकडे! मग काय, धावपळ. उजवीकडे गर्दीत घुसून त्यांनी तीन रुमाल टाकले, मला एकावर बसवलं, बायकोला दुसऱ्यावर. वारा जास्त वाटला म्हणून एक रुमाल काचेमागे, जेवणाच्या हॉलच्या खिडकीशी. कुणी सांगितलं म्हणून एक अगदी पुढे टोकाला. मामी त्यांच्यामागून एक-दोन जिने चढल्या-उतरल्या, मग गुडघे धरून म्हणाल्या, तुमचं ठरलं की मला हाक मारा, मी तोवर कुठेतरी टेकते. अर्ध्यापाऊण तासाने शहर मागे पडलं, उजवीकडे नुसता समुद्र उरला आणि डावीकडे लांबवर निळसर डोंगरांची रांग दिसू लागली. पोळपाटच खरा होता. मामा पुन्हा डावीकडे धावले आणि बघतात तर त्यांचा पहिला रुमाल गायब. तिथे एक नवपरिणीत जोडपं पाय पसरून बसलेलं. मग पुढचा बघितला, तोही नाही. खिडकीतला नाही. बोटभर टाकलेल्या रुमालांपैकी एकही जागेवर नाही!

झालं असं होतं, की बोटीवरची माणसं शिस्तीची. कुठे काही पडलेलं दिसलं, की उचलायचं. त्यांनी मामांचे रुमाल जेवणाच्या टेबलांवरचे म्हणून गोळा केले आणि खाली धुवायला पाठवले. हे कळल्यावर मामा तरातरा काउंटरवर गेले. तिथली मुलगी गोड हसून सांगू लागली, की घाबरू नका, सगळं धुऊन इस्त्री करून खोलीत मिळेल. मामांचा आवाज चढला. “मॅडम, वो रुमाल नहीं है,” ते म्हणाले, “वो जगह है.” तिला काही कळेना. मामांनी तिला एसटीपासून सगळं समजावून सांगायला घेतलं. मला म्हणाले, तुम्ही तुमच्या मामींना शोधा आणि डाव्या बाजूला वरून दुसऱ्या मजल्यावर घेऊन या, त्या जोडप्याला मी येऊन उठवतो.

मामी सापडल्या त्या दोन मजले खाली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. कर्मचारी घटकाभर टेकतात तसल्या एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. माझी बायको शेजारी उभी. आतून कढई तापल्याचा आवाज, तळलेल्या कांद्याचा वास, वर धूर ओढणारा पंखा, समोर हातभर रुंदीची उघडी जागा आणि गंजलेला कठडा. जगातल्या कुठल्याही पुस्तकात या जागेची शिफारस सापडणार नाही. मी म्हणालो, चला मामी, वर जागा झालीय. मामी उठल्या नाहीत. त्यांची नजर समोर लागलेली होती, त्या बोळासारख्या नजरेत जेवढं मावतं तेवढ्यावर. मला डोंगर दिसत होते, खाली माडांची काळी रेघ दिसत होती, मावळतीचं ऊन थेट किनाऱ्यावर पडलं होतं. मी शोधत राहिलो. मामींनी नुसतं बोट केलं. डोंगराच्या खांद्यावर, तांदळाचा दाणा चिकटावा एवढंसं, पांढरं काहीतरी होतं.

“आलो घरी,” मामी हळूच म्हणाल्या. मला नाही, माझ्या बायकोला नाही. हात जोडले आणि तशाच बसून राहिल्या. माझ्या बायकोने तोंड फिरवलं. मलाही कठड्याकडे बघावंसं वाटलं.

मग मला मामांची आठवण झाली. मी जिने चढत धावलो. मामा अजून काउंटरवरच होते, पहिला रुमाल परत मिळवला होता आणि बाकीच्यांसाठी भांडत होते. दिसलं, दिसलं, चला, एवढंच मी बोललो असेन. कुठून दिसलं ते काही बोललो नाही. मामा त्या वयात असे धावले, की मला त्यांना गाठता येईना. पण ते खाली नाही, वर धावले, आपल्या ठरलेल्या जागेकडे. मी मागून ओरडत होतो ते वाऱ्याने त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. त्यांनी आधी पुढच्या टोकाला बघितलं, मग मागे बघितलं, मग डाव्या बाजूच्या त्या जागेवर आले. आणि तिथे मामी बसल्या होत्या! जोडपं उठून गेलेलं. मामींचे केस विस्कटलेले, दम लागलेला, एक हात गुडघ्यावर घट्ट. माझी बायको त्यांच्या मागे उभी होती आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उघडलेलं तोंड मिटलं. किनारा तोवर वळला होता. पुढच्या डोंगराने देऊळ झाकून टाकलं होतं. मामा कठड्याला धरून लांबवर बघत राहिले.

“दिसलं का गं?” त्यांनी विचारलं.

“दिसलं की,” मामी म्हणाल्या. “अगदी स्वच्छ. तुम्ही पहिला रुमाल टाकलात ना, त्याच जागेवरून.”

मामांनी एक लांब श्वास सोडला आणि ते खाली बसले. शेजारच्या खुर्चीवर, ती कुठे आहे हे न बघता. मग मामींच्या अगदी जवळ सरकले आणि म्हणाले, कसं दिसत होतं ते सांग. मामींनी सांगितलं. खाली माडांची काळी रेघ, गाव कुठे दिसतच नाही, वर डोंगराचा खांदा, त्यावर उन्हात चमकणारं टिंब, आणि आपण सरकतो तसं ते डोंगराच्या अंगावरून चालत जातं. वडील सांगायचे ते सगळं खरं होतं म्हणाल्या. मामा मान डोलावत ऐकत होते. त्यानंतर वर्षभर इंद्रलोकच्या ए विंगपासून डी विंगपर्यंत असा एक माणूस उरला नाही, ज्याला मामांनी बोटीवर डाव्या बाजूला, वरून दुसऱ्या मजल्यावर, होड्यांच्या जरा पुढे बसायचा सल्ला दिला नाही. त्यातले बहुतेक जण कधी खाडीपलीकडेही जाणार नव्हते. मी हे सगळं हसत ऐकायचो. मनात म्हणायचो, मामा, तुमची जागा पडली उताणी, जिंकलं ते स्वयंपाकघराचं स्टूल. बायकोने डोळे वटारले नसते तर चारचौघांत बोललोही असतो.

मामींची नजर त्यानंतर झपाट्याने गेली. आता उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं, बाकी सगळं धूसर. ओट्याशी त्या अजून उभ्या राहतात आणि समोरच्या काकू खिडकीतून सांगतात, मीठ उजव्या हाताला आहे बेन. आणि मामांनी एक नवीन उद्योग काढला आहे. दर रविवारी दुपार कलली, की रिक्षा करून मामींना उत्तनच्या पुढे पालीला घेऊन जातात, समुद्रावर. बघायला! मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ज्या बाईला दिसत नाही तिला हा माणूस व्ह्यू दाखवायला नेतो, म्हणजे कमाल झाली. गेल्या महिन्यात आम्हीही गेलो. गल्लीबोळांतून दुचाकी चुकवत चुकवत किनाऱ्यावर पोचलो, तर मामा नेहमीप्रमाणे खडकांवर पुढेमागे करत होते आणि मासळी सुकवणारी एक बाई कमरेवर हात ठेवून त्यांची मजा बघत होती. “बसा की बाबा कुठं पण,” ती म्हणाली. “दर्या कुठं जात न्हाय.” मामांनी एक सपाट खडक निवडला, त्यावर रुमाल अंथरला, मामींना हात धरून बसवलं. आणि मग जे झालं ते मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. ते स्वतः शेजारी बसले. बसले ते उठलेच नाहीत.

मामा बघत होते आणि बोलत होते. एक होडी परत येतेय, निळी, पुढे भगवा झेंडा आहे. दुसरी लाल, तिच्यावर क्रूस काढलेला आहे. पाणी आता पितळेच्या भांड्यासारखं झालंय. एक पोरगी कुत्र्याला पाण्यात ओढतेय आणि कुत्रं येत नाहीय. सूर्य टेकला. अर्धा गेला. गेला. मामी मधून मधून विचारत होत्या, ढग आहेत का, कुठल्या रंगाचे, आणि मामा थांबून, नीट बघून, मग सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने सूर्यास्त बघितला. शेवटी मामी म्हणाल्या, आता ते सांगा. आणि मामा सांगू लागले. खाली माडांची काळी रेघ. गाव कुठे दिसतच नाही. वर डोंगराचा खांदा, त्यावर उन्हात चमकणारं टिंब, आणि आपण सरकतो तसं ते डोंगराच्या अंगावरून चालत जातं. पालीला समोर ना डोंगर होता ना देऊळ, नुसतं संधिप्रकाशातलं पाणी होतं. मामींनी डोळे मिटून घेतले होते.

बायको मामींना घेऊन पुढे पाण्यात पाय भिजवायला गेली. मामा रुमालावरची वाळू झटकत होते. माझी जित्याची खोड, मी बोललोच. म्हटलं, मामा, देऊळ अगदी समोर असल्यासारखं सांगता, आणि तुम्ही तर ते बघितलेलंच नाही.

“तिने तरी त्या जागेवरून कुठे बघितलं?” मामा म्हणाले.

मी चमकून बघितलं. मामा रुमालाची घडी घालत होते, लाल टाका वर येईल अशी.

“मी शेजारी बसलो ना, तेव्हा तिच्या साडीला तळलेल्या कांद्याचा वास येत होता. दोन जिने चढून आली होती बिचारी, असले गुडघे घेऊन. मग म्हटलं, असू दे. जागा माझीच म्हणू या.”

पाण्याकडून मामींनी हाक मारली, कुठे आहात हो, म्हणून. मामा उठले, त्यांना आवाज यावा म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, “इथेच आहे. ये, हळू.” आणि घडी घातलेला तो रुमाल त्यांनी पुन्हा उलगडला आणि खडकावर अंथरला.